गवताचा हिशोब दसऱ्याला

जबलपूरच्या उत्तरेला दमोह नाक्याच्या आसपास पसरलेल्या गोहलपुरात राहणाऱ्या माणसाला दूध दारात मिळतं, पण ते देणारं जनावर चरताना दिसत नाही. म्हैस गोठ्यात उभी असते. भुसा ट्रॉलीतून येतो, ढेप पोत्यातून येते, आणि शेण मात्र कुठे जावं हे कोणी ठरवलेलं नसतं. डेअऱ्या शहराबाहेर हलवाव्यात म्हणून नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंचाचे डॉ. पी. जी. नाजपांडे यांनी वर्षानुवर्षं न्यायालयात लढा दिला. पुढे बऱ्याच डेअऱ्या परियट आणि गौर नद्यांच्या काठांवर उभ्या राहिल्या, आणि शहरातल्या गटारात जाणारं शेण नदीत जाऊ लागलं. राष्ट्रीय हरित अधिकरणापर्यंत पोचलेला हा प्रश्न सगळे प्रदूषणाचा म्हणून बघतात. मला त्याच्या मुळाशी हिशोबाची चूक दिसते. चारा दुरून विकत आणायचा आणि त्याचं शेण जवळ फेकून द्यायचं, अशी रचना असेल तर मालक दोन्ही टोकांना पैसे मोजतो. दुधाच्या खर्चातला साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो, हे पशुपालनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी शिकवतात. तो वाटा पूर्णपणे बाजाराच्या हवाली केला की भुशाचा भाव वाढणं एवढं एकच निमित्त धंदा बुडवायला पुरतं.

याच्या उलट बाजूला चराऊ पशुपालन आहे. इथे जनावर स्वतः चाऱ्यापर्यंत चालत जातं आणि शेण जिथे पडायला हवं तिथेच टाकतं. त्याबद्दल आपल्याकडे दोन प्रकारची बोलणी चालतात. एक हळवं, गोधनाचं आणि गोकुळाचं. दुसरं तुच्छतेचं, की हे मागासलेलं आहे, यातून दूध निघत नाही आणि रान उजाड होतं. दोन्हीत हिशोब नाही. चराऊ पशुपालन फायद्यात चालू शकतं, बदलत्या परिस्थितीतही चालू शकतं, असं माझं ठाम मत आहे. पण त्याला एक अट आहे. जनावरांची संख्या गवतावरून ठरली पाहिजे, आणि ती दसऱ्याला ठरली पाहिजे.

दसऱ्यालाच का, हे नीट सांगायला हवं, कारण सगळा मुद्दा त्या तारखेवर उभा आहे.

आयर्लंड किंवा न्यूझीलंडमधला पशुपालक जवळजवळ वर्षभर पाऊस घेतो. त्याचं गवत थंडीचे काही महिने मंदावतं आणि पुन्हा वाढतं. त्याला दर आठवड्याला अंदाज बदलत राहावा लागतो. आपलं तसं नाही. जबलपूरला वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत संपतो. मराठवाड्यात किंवा माणदेशात आकडा खूपच लहान, पण वेळापत्रक तेच. गवत आषाढात उगवतं, श्रावण-भाद्रपदात वाढतं, आश्विनात फुलोऱ्यावर येतं आणि मग थांबतं. पुढच्या जूनपर्यंत कोरडवाहू रानात एक काडीसुद्धा नव्यानं येणार नसते. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास जे उभं आहे, तेवढंच पुढच्या साडेआठ महिन्यांचं भांडवल. आपण मोसमी पावसाला बेभरवशाचा म्हणतो. पण पशुपालकाच्या दृष्टीनं त्याच्याइतका प्रामाणिक कोणी नाही. त्यानं काय दिलं आणि काय दिलं नाही, हे तो एका ठरावीक तारखेला उघड करून सांगतो. अनिश्चितता जून ते सप्टेंबर असते. ऑक्टोबरनंतर जी असते ती आपण मोजणी केली नाही म्हणून असते.

आणि मोजणी अवघड नाही. रानात पाच-सात ठिकाणी, जिथे गवत चांगलं आहे तिथेही आणि जिथे विरळ आहे तिथेही, एक मीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, त्यातलं गवत कापायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि तोलायचं. चौकोनात सरासरी शंभर ग्रॅम निघालं तर एकरी चारशे किलो. तीनशे ग्रॅम निघालं तर बाराशे किलो. यातलं निम्मंच आपलं समजायचं. उरलेलं निम्मं मुळांना, मातीला, वाळवीला आणि पुढच्या वर्षीच्या ठोंबांना द्यायचं असतं. ते खाल्लं तर पुढच्या वर्षीच्या उत्पन्नातून ते व्याजासकट वजा होतं. आता खाणाऱ्याचा हिशोब. साडेतीनशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण आठ किलो कोरडा चारा लागतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत ते दोन टनांच्या आसपास जातं. म्हणजे दहा एकर बऱ्या रानावर, जिथे एकरी बाराशे किलो गवत आहे, तिथे सहा टन आपल्या वाट्याला येतं आणि त्यावर जूनपर्यंत तीन गाई निघतात. रान उजाड असेल, चौकोनात शंभर ग्रॅमच असेल, तर त्याच दहा एकरांवर एकच गाय. शेळी किंवा मेंढी दिवसाला किलोभर खाते, म्हणून एका गाईच्या जागी आठ धरता येतात. शेळी पाला जास्त खाते, त्यामुळे झाडं असतील तर तिचा भार गवतावर याहूनही कमी पडतो.

हे गणित ज्या गवतांवर चालतं त्यांची नोंदही आपल्याकडे झालेली आहे. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ भागांची पाहणी करून १९७३ साली ‘ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि भारतातल्या गवतांचे पाच मोठे प्रकार पाडले. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा बहुतेक भाग त्यातल्या पवन्या आणि मारवेल यांच्या पट्ट्यात येतो. अतिचराई झाली की हे दोन आधी संपतात, त्यांच्या जागी कुसळी येते, आणि तरीही चराई थांबली नाही की कुसळीही जाऊन निकृष्ट एकसाली गवत उरतं. रानात काय उगवतंय हे पाहून त्याच्या मालकानं गेली दहा वर्षं काय केलं ते सांगता येतं.

गवताचं वजन हा अर्धाच हिशोब. दुसरा अर्धा त्याच्या कसाचा. फुलोऱ्यावरच्या गवतात सात-आठ टक्के प्रथिनं असतात. बी गळून गवत पिवळं पडलं की ती दोन-तीन टक्क्यांवर येतात. सात टक्क्यांच्या खाली गेलेला चारा पोटभर खाऊनही जनावर वाळतं, कारण त्याच्या पोटातले जिवाणूच उपाशी राहतात. तरीही आपल्याकडे गवत कापतात ते कार्तिकात, दिवाळी झाल्यावर, मजूर मोकळे झाल्यावर. तोवर ते गवत नसून काड झालेलं असतं. सप्टेंबरच्या अखेरीला उघडीप मिळताच कापलेलं गवत वजनानं थोडं कमी भरतं, पण वैशाखात त्याच्यावर जनावर टिकतं. महिना-सव्वा महिन्याच्या या फरकाची किंमत पुढे ढेपेच्या पोत्यांत मोजावी लागते. उशीर झालाच तर शंभर किलो काडाला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून फवारायचा आणि ताडपत्रीखाली तीन आठवडे हवाबंद ठेवायचं, हा उपाय आहे. जुना आहे, सोपा आहे, आणि फारच कमी लोक करतात.

समजा दसऱ्याला मोजलं आणि गवत कमी भरलं. पुढे काय? विकायचं. त्याच महिन्यात विकायचं. जनावर पावसाळ्यातलं खाऊन अंगानं भरलेलं असतं, बाजारात चाऱ्याची ओरड सुरू झालेली नसते, गिऱ्हाईक असतं. तेच जनावर चैत्रात नेलं तर बरगड्या मोजता येतात आणि सगळा तालुका विकायलाच आलेला असतो. मधल्या पाच महिन्यांत त्यानं खाल्लेला चारा उरलेल्या जनावरांच्या तोंडचा गेलेला असतो, तो वेगळाच. दुष्काळात पशुपालक बुडतो तो पाऊस पडला नाही म्हणून कमी आणि पाच महिने वाट पाहिली म्हणून जास्त.

महाराष्ट्रानं हे मोठ्या प्रमाणावर भोगलं आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत सोलापूर, सातारा, नगर, बीड या भागांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि लाखो जनावरं तिथे उसाच्या वाढ्यांवर जगली. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चालवलेल्या छावणीत माणसं आपल्या गुरांबरोबर महिनोन्महिने राहिली. ते काम करणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. जनावर मरत असताना त्याच्या पुढ्यात पेंढी टाकणाऱ्याला कोणी शहाणपण शिकवू नये. पण सरकारचं धोरण म्हणून पाहिलं तर छावणी ही उशिराची मदत आहे. जो खर्च उन्हाळ्यात होतो, त्याचा काही भाग ऑक्टोबरात जनावरं रास्त भावानं विकत घ्यायला किंवा चारा असलेल्या जिल्ह्यात हलवायला वापरला असता तर गोठेवाल्यांचं कर्ज कमी झालं असतं.

इथे एक मोठी अडचण उभी राहते, आणि तिच्यावरून उडी मारून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ऑक्टोबरात विकायचं, पण गाय कोण घेणार? मध्य प्रदेशात २००४ च्या गोवंश वध प्रतिषेध कायद्यानं आणि महाराष्ट्रात २०१५ साली लागू झालेल्या दुरुस्तीनं भाकड गाय, गोऱ्हा आणि म्हातारा बैल यांचा बाजार जवळपास संपला. त्याआधीच ट्रॅक्टरनं बैलाची किंमत पाडली होती. वर्धा, नागपूर, शिवनी, छिंदवाडा, बालाघाट या पट्ट्यातल्या गवळाऊ जातीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. नंदगवळी समाजानं गवतावर जोपासलेली ही हलकी, चपळ गुरं. मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीसाठी त्यांची ख्याती होती. दूध बेताचंच, मिळकत होती ती गोऱ्ह्यांची. गोऱ्ह्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा जातीत काहीही दोष नसताना तिचं अर्थकारण कोसळलं. २०१९ च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात एक कोटी सत्त्याऐंशी लाख गोवंश होता. त्यातला विकता न येणारा भाग आज महामार्गांवर बसलेला दिसतो. कायद्याच्या बाजूनं आणि विरोधात लोकांची श्रद्धा गुंतलेली आहे, ती मी समजू शकतो. पण पशुपालकाच्या वहीत त्याचा परिणाम एका वाक्यात लिहिता येतो: गाय ही आता कमी-जास्त करता येणारी संख्या उरलेली नाही.

म्हणून कळपाचे दोन भाग करावे लागतात. एक पक्का, जो वाईटातल्या वाईट वर्षाच्या गवतावरही निघेल. त्यात गाई असोत, पण मोजक्या, आणि अगदी शेवटपर्यंत सांभाळण्याच्या तयारीनं ठेवलेल्या. दुसरा भाग वाढवता-घटवता येणारा: शेळ्या, मेंढ्या, म्हशींचे रेडे, जे दसऱ्याला गवत पाहून ठेवता येतील किंवा विकता येतील. दहा एकरांवर बऱ्या वर्षी तीन गाईंचं गवत येतं म्हणून तीन गाई ठेवणारा दुसऱ्या वर्षी अडकतो. एक गाय आणि सोळा शेळ्या ठेवणारा तेवढंच गवत वापरतो आणि मोकळा राहतो.

शेळीचा बाजार मात्र स्वतःचं एक वेगळं पंचांग घेऊन येतो, आणि गोहलपुरासारख्या मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या भागात राहणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं. बोकडाला वर्षातला सगळ्यात चांगला भाव बकरी ईदला मिळतो. ही ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०१४ साली ती ६ ऑक्टोबरला होती, २०१७ साली २ सप्टेंबरला. त्या वर्षांत बोकड पावसाळी हिरव्या पाल्यावर फुकट भरत आणि भरलेल्या अंगानं थेट बाजारात उभे राहत. २०२५ साली ईद ७ जूनला आली, आता ती मे महिन्यात शिरते आहे, आणि पुढची बरीच वर्षं ती मे, एप्रिल, मार्च असा प्रवास करेल. म्हणजे ज्या दोन महिन्यांत बोकडाला वजन चढवायचं, ते आता चैत्र-वैशाखाचे, रानात काहीच नसण्याचे महिने आहेत. गवतावर फुकट मिळणारा नफा आता साठवून ठेवलेल्या खाद्यावर मिळवावा लागेल. बाभळीच्या शेंगा, अंजनाचा आणि सुबाभळीचा पाला, हिवाळ्यात वाळवलेले वाटाण्याचे वेल. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्याचं मोठं आगर आहे. पाटण-शहापुऱ्याकडून हिवाळ्यात वेलांचे ढीग निघतात. ते ओले खायला घालून संपवण्याऐवजी वाळवून ठेवणारा पुढची दहा-बारा वर्षं फायद्यात राहील. ईद पुन्हा ऑक्टोबरात यायला साधारण २०४५ उजाडेल. बदलती परिस्थिती म्हटलं की आपण फक्त हवामानाकडे बोट दाखवतो. हा बदल तर वीस वर्षं आधी कागदावर लिहून ठेवता येतो, आणि तरी त्याप्रमाणे कळप आखणारे फार कमी.

हवामानापेक्षा वेगानं बदलली ती शेती. नर्मदेच्या खोऱ्यात पूर्वी हवेली पद्धत होती. काळ्या जमिनीला बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडायचं, ओसरलं की गहू-हरभरा पेरायचा. चैत्रात पीक निघालं की शेतं मोकळी, आणि गावची गुरं त्यात सोडलेली. ऐरा म्हणतात त्या मोकाट चराईला. पीकवाल्यांना तिचा त्रास झाला हे खरं, पण तीन कठीण महिने जनावरं त्या धसकटांवर निघत. आता हार्वेस्टर गहू कापतो, मागे राहिलेली धसकटं, म्हणजे नरवाई, पेटवून देतात आणि कालव्याच्या किंवा बोअरच्या पाण्यावर उन्हाळी मूग पेरतात. मुगानं शेतकऱ्याला तिसरं पीक दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे एप्रिल ते जूनची चराई संपली आणि पेटवलेल्या नरवाईबरोबर भुसाही जळाला. गोठेवाला महागड्या भुशाबद्दल ओरडतो तेव्हा त्याच्याच जिल्ह्यात तो शेताशेतांत जळत असतो. हार्वेस्टरमागे भुसा काढणारं यंत्र फिरवणं जिथे शेतकऱ्याला परवडेल तिथे जाळणं थांबेल. ते परवडण्यासाठी पशुपालकांनी मार्चमध्येच एकत्र येऊन आगाऊ मागणी नोंदवायला हवी. एकट्या-दुकट्यासाठी यंत्रवाला येत नाही.

मेंढपाळ धनगरांकडून मला यात सर्वांत जास्त शिकायला मिळालं, कारण परिस्थिती बदलली की ते सगळ्यात आधी बदलतात, तेही कोणाच्या अनुदानाशिवाय. माण, खटाव, आटपाडी, पारनेर भागातले मेंढरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे आणि ओलिताच्या भागाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. चारा नाही तर चाऱ्याकडे जायचं. शेतात मेंढरं बसवण्याचे पैसे किंवा धान्य मिळतं. परियटच्या काठावर जे शेण संकट झालं आहे, त्याच शेणासाठी इथे शेतकरी पैसे मोजून वाड्याला बोलावतो. फरक एवढाच की मेंढरू शेणासकट शेतात चालत जातं. घोंगडीचा बाजार मोडला, दख्खनी लोकरीला कोणी विचारेना, तेव्हा अनेकांनी जतकडची माडग्याळ मेंढी धरली. अंगानं उंच, लोकर कमी, मटणाला चांगली. सरकारी विकास आराखड्यात हा बदल नंतर आला. बाजारात भाव पाहून त्यांनी तो आधी केला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं याच मेंढपाळांसाठी एक वेगळं काम केलं. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेनं नव्वदच्या दशकात सुंदरबनातली ‘गारोळे’ ही लहानखुरी मेंढी आणली. तिच्यात जुळं होण्याचं जनुक आहे. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकर आणि निवड करत ते जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. या मेंढीला जुळं होण्याची शक्यता बरीच वाढते. कमी मेंढ्यांत तेवढीच कोकरं, म्हणजे गवतावरचा भार कमी. न्यूझीलंडमध्येही वेगळ्या वाटेनं हेच झालं. १९८२ साली तिथे सात कोटी मेंढ्या होत्या. १९८४ साली सरकारनं शेतीची अनुदानं काढून घेतली, आणि आज मेंढ्या अडीच कोटींच्या आसपास आहेत. काही रानं दुभत्या गाईंकडे आणि वनीकरणाकडे गेली, पण मटणाचं उत्पादन मेंढ्यांच्या संख्येइतकं घटलं नाही, कारण एकेका मेंढीमागे जगणारी कोकरं आणि त्यांचं वजन वाढलं. यातून घाईनं निष्कर्ष काढू नये. जुळं पोटात असलेल्या मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात चांगला चारा मिळाला नाही तर दोन्ही कोकरं अशक्त होतात आणि आईही बसते. बी-बियाणं असो की जात, ती गवताची जागा घेऊ शकत नाही. आधी गवत, मग जुळं.

चराईविरुद्धचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद हिवरे बाजारचा आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, गवत कापून आणायचा नियम केला, आणि नव्वदच्या दशकात दिवसाला दीडेकशे लिटर असलेलं दूध पुढे चार हजार लिटरांपर्यंत गेलं. हे यश खरं आहे आणि ते नाकारणारा माणूस डोळे मिटून बसलेला आहे. पण नीट पाहिलं तर त्यानं माझ्याच म्हणण्याला पुष्टी मिळते. गवताला वाढीच्या काळात विसावा मिळाला आणि नंतर ते मोजून वाटलं गेलं. बंदीत कामाची गोष्ट म्हणजे तो विसावा. बारमाही बंदी मात्र शेळीवाल्याच्या आणि फिरत्या धनगराच्या मुळावर येते, कारण कापून आणलेलं गवत घालायला ज्याच्याकडे गोठा आणि गाय आहे, त्यालाच तिचा फायदा. फ्रान्सच्या आंद्रे व्होइझाँनं १९५७ साली मांडलेलं तत्त्व इथे उपयोगी पडतं: खाल्लेला ठोंब पुन्हा भरल्याशिवाय जनावराचं तोंड त्याला दुसऱ्यांदा लागू नये. आपल्या पावसाळ्यात यासाठी महिनाभर लागतो. रान पाच-सहा तुकड्यांत पाडलं, एकेका तुकड्यात आठवडाभर चारलं, तर हे जमतं. पूर्वी कुंपणाचा खर्च झेपत नव्हता. आता रानडुकरं आणि नीलगाईंसाठी शेतकरी सौर झटका मशीन लावतात. तीच तार, तीच बॅटरी, एक-दोन पदर, आणि गुरांची हद्द रोज हलवता येते. एक तुकडा मात्र दरवर्षी आळीपाळीनं पूर्ण सोडावा, त्यातलं बी पडून पवन्या-मारवेल परत येण्यासाठी. कोरड्या महिन्यांत या फिरवण्याचा उपयोग वाढीसाठी नसतो, पुरवून खाण्यासाठी असतो.

आणि जमीन कुठे आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी टाळू शकत नाही. मध्य प्रदेशात चरनोईचं, म्हणजे चराईसाठी राखलेल्या गावजमिनीचं, प्रमाण सरकारनं कमी करत गावाच्या जमिनीच्या दोन टक्क्यांवर आणलं आणि मोकळी झालेली जमीन भूमिहीनांना वाटली. महाराष्ट्रात दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून गायरान हा दलितांच्या पोटाचा प्रश्न आहे. २०११ च्या जगपालसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली, पण भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना कायदेशीर पट्ट्यानं दिलेल्या जमिनीला अपवाद ठेवला. कसून पोट भरणाऱ्याच्या हातून गायरान काढून गुरांना द्या, असं मी कधीच म्हणणार नाही. उरलेल्या गायरानांकडे मात्र पाहा. कित्येक ठिकाणी तिथे ना पीक आहे ना गवत. गाजरगवत आणि घाणेरी आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम दिसलेलं गाजरगवत आता देशभर आहे आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. ते संपवायचा अभ्यास करणारी देशातली मुख्य संस्था, खरपतवार अनुसंधान निदेशालय, १९८९ पासून जबलपुरातच महाराजपूरला आहे. ते तण खाणारे मेक्सिकन भुंगेरे ती वाटते. फुलावर येण्याआधी उपटणं आणि भुंगेरे सोडणं, दोन्ही पावसाळ्यातच करायची कामं. गाजरगवत गेलं तरी तिथे मारवेल आपोआप येत नाही. ठोंबं लावावी लागतात. लावणाऱ्या भूमिहीन बचत गटाला तिथलं गवत पाच-दहा वर्षं कापून विकण्याचा लेखी हक्क दिला, तर त्याला मिळकत मिळते आणि पशुपालकाला चारा. जमिनीची मालकी गावाचीच राहते. लेखी हक्काशिवाय कोणी ठोंब लावणार नाही.

जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते २००९ साली नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विद्यापीठाचा भाग झालं. १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. तणांची संस्था आहे. भारतीय चारागाह आणि चारा संशोधन संस्था झाशीला आहे, तीही फार लांब नाही. इतकं ज्ञान एका टापूत गोळा झालेला दुसरा भाग देशात क्वचित सापडेल. त्यांच्याकडून माझी मागणी एकच आणि लहान आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थ्यांनी पंचायतींत जावं, चौकोन आखून गवत कापावं, वाळवून तोलावं, आणि त्या गावाचं गवत किती, जनावरं किती आणि तुटवडा किती हे तीन आकडे पंचायतीच्या भिंतीवर लिहावेत. आकडा तुटीचा असेल तर जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयानं दिवाळीच्या आत शेळ्या-मेंढ्यांचा वजनावर खरेदी होणारा बाजार भरवावा, आणि ज्या गावात गवत जास्त आहे तिथून ते कमी असलेल्या गावात नेण्याचं भाडं सरकारनं द्यावं. म्हाताऱ्या गाईंचा भार ज्या राज्यानं कायदा करून पशुपालकावर टाकला, त्याच राज्यानं त्या गाईंच्या जूनपर्यंतच्या दरेकी दोन टन चाऱ्याचा खर्च उचलावा, आणि तोही ऑक्टोबरात, गवत रानात उभं असताना.

पशुपालकानं यातलं काही होण्याची वाट पाहू नये. त्याच्याकडे कोयता आहे, दोरी आहे, काटा आहे. येत्या दसऱ्याला त्यानं आपल्या रानातला एक मीटर चौकोन कापून तोलावा आणि त्या आकड्याला शेपटं मोजून भागावं. भागाकार जुळला नाही तर कोणतं जनावर आधी विकायचं, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याच आठवड्यात ठरवावं.